काकाजींच्या हातातली चाबी

काकाजींनी जन्मभर लोकांची कुलपं उघडली, पण दार एकही उघडलं नाही. कुणाची चाबी हरवायची, कुणाची घरातच राहून दार ओढलं जायचं, आणि मग काकाजींना बोलावणं जायचं. ते सायकलवरून यायचे, उंबऱ्याशी उकिडवे बसायचे, पिशवीतून दोन तारा आणि एक चपटी पट्टी काढायचे आणि कुलपाला कान लावायचे. आतून 'खट' झालं की उठायचे, तारा पुसून पिशवीत ठेवायचे आणि दाराकडे पाठ करून उभे राहायचे. दार मालकानेच ढकलायचं. "कुलूप माह्यं काम, दार तुमचं," एवढंच म्हणायचे. एकदा एका बाईंच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. "ढकला ना काकाजी," त्या म्हणाल्या. काकाजींनी त्यांच्या पिशव्या आपल्या हातात घेतल्या, पाठ फिरवली आणि त्यांनाच दार ढकलायला लावलं.

नागपूरच्या सक्करदऱ्यात तलावाकडून बाजाराकडे येताना एक पानठेला लागतो. त्याला चिकटून काकाजींचं दुकान. दुकान कसलं, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढी ती खोली. दोन फळ्यांचं लोखंडी दार, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाब्या, एक छोटं टेबल आणि त्यावर जाड, बारीक, गोल, चपट्या अशा सगळ्या जातीच्या कानशी. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना काकाजीच म्हणत. त्यांचं खरं नाव मी एकदा कसल्याशा कार्डावर वाचलं होतं. ते मला त्यांना अजिबात शोभेसं वाटलं नाही, म्हणून मी ते तिथल्या तिथे विसरून गेले.

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी तेव्हा एका लहानशा कंपनीत होते. ऑफिसांना आणि दवाखान्यांना दाराची इलेक्ट्रॉनिक कुलपं आणि हजेरीची मशीनं बसवून द्यायची, हे आमचं काम. एका ऑफिसात मी आंगठ्याचं मशीन बसवत होते आणि तिथल्याच जुन्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून मालकाने काकाजींना बोलावलं होतं. त्यांचं काम पाच मिनिटांत संपलं. मग ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली वं बाई?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आता या दाराला चाबीच लागणार नाही, आंगठा ठेवला की झालं. "माहा चालते का पाहू," म्हणत त्यांनी आंगठा ठेवला. मशीनने नापसंतीचा आवाज केला. दुसरा आंगठा, मग एकेक बोट. दहाही बोटं झाली, पण मशीनला एकाचीही ओळख पटेना. मी त्यांचा हात धरून उजेडात पाहिला. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती. इतकी वर्षं पितळ आणि लोखंड घासताना कानशीने त्यांच्या बोटांवरच्या रेषाही घासून नेल्या होत्या.

"राशनच्या दुकानातही असंच होते," ते शांतपणे म्हणाले. "ज्यानं हातानं काम केलं, त्यालेच तुही मशीन ओळखत नाही. घरी बसून राहिलो असतो तं ओळखलं असतं." कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेले, आणि पुढे जातच राहिले.

काकाजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरचे. वडील हातमागावर धोटा फेकत साड्या विणायचे. मागाचं काम कमी झालं तेव्हा काकाजी एसटीत बसून नागपूरला आले आणि एका कुलूपवाल्यापाशी कानस धरायला शिकले. वडिलांना ते रुचलं नव्हतं. "बाप म्हणे, धोट्याचा हात तू कानशीले लावला," ते सांगायचे. "मी म्हटलं, बाबा, तुमचं सूत तुटलं तं गाठ मारता येते. माह्या चाबीवर एक कानस जास्त पडली तं गाठ मारता येत नाही. मंग हात कोणाचा भारी?" वडील यावर हसले की चिडले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आपल्या हाताचा मात्र त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. आपण एकही कुलूप कधी तोडलं नाही, हे ते नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दोन वाक्यांत ऐकवत. "कापलेलं कुलूप म्हणजे कारागिराच्या इज्जतीचा पंचनामा."

त्यांच्या धंद्याचे नियम त्यांनी कुठे लिहून ठेवले नव्हते, पण ते मोडताना मी त्यांना पाहिलं नाही. "चाबी आण, नाही तं मालक आण," हा पहिला. साबणाच्या वडीवर चाबीचा ठसा घेऊन आलेला एक झकपक कपड्यांतला माणूस मी स्वतः पाहिला आहे. काकाजींनी वडी हातात घेतली, वास घेतला, "साबण चांगला आहे, आंघोळ करा," म्हणाले आणि ती परत दिली. दुसरा नियम असा की चाबी मालकाच्या डोळ्यांसमोर बनवायची, आणि बनवताना काढलेला नमुना, बिघडलेली अर्धवट चाबी, सगळं त्याच्याच हातात द्यायचं. "माह्यापाशी तुकडा जरी राहिला, तं तुमची झोप माह्यापाशी राहिली," असं ते म्हणायचे. तिसरा नियम पुढे माझ्याच अंगाशी आला, तो ओघाने सांगते.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप सांडायचा, तेव्हा ते कपाला नावं ठेवायचे. पुढे कानस हातातून सुटायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही. चाबी घडवायचं काम त्यांनी हळूहळू सोडलं. जुनी कुलपं खोलून, साफ करून, तेलपाणी करून द्यायचं काम दोन्ही हातांनी धरून जमायचं, ते ठेवलं. बंगळुरूला नोकरी करणारा त्यांचा मुलगा अरुण दर फोनवर दुकान बंद करा म्हणायचा. काकाजी त्याला हवामान सांगून फोन ठेवायचे.

एका सकाळी मी कामावर जाताना त्यांना दुकानासमोर पाहिलं. हातात चाबी होती आणि ती कुलपाच्या भोकाच्या आजूबाजूला नुसती खरडत होती. आत काही जाईना. पानठेल्यावरचा बबन उठून आला. "द्या काकाजी, मी उघडतो नं."

"थांब गा," काकाजी म्हणाले.

बबन थांबला, मी थांबले, पानासाठी आलेले दोघे थांबले. काकाजींनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि कितीतरी वेळाने ती चाबी एकदाची आत गेली. आत जाऊन बसले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. साऱ्या सक्करदऱ्याची कुलपं उघडणाऱ्या माणसाला स्वतःचं कुलूप उघडताना लोक उभे राहून पाहत होते. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, बबनने उघडून दिलं तर काय बिघडलं?

"रोज सकाळी मी आपल्या हातानं उघडतो म्हणून हे माह्यं दुकान आहे," ते म्हणाले. "ज्या दिवशी दुसऱ्यानं उघडून देल्लं, त्या दिवशी मी इथी पाहुणा झालो. मंग मी घरीच बसतो." मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मुंडावळ्या बांधायच्या आधी येऊन ज्याने दुकान उघडलं, उदबत्ती लावली आणि पुन्हा बंद केलं, तो माणूस हे बोलत होता. घरी बसल्यावर या माणसाचं काय होईल हे मला कळत होतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, कळत होतं. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "दुकान गेलं तं हे माणूस भिंतीकडे पाहत बसते वं. काही कर."

मी आधी सोपं तेच केलं. कार्ड दाखवलं की उघडेल असं एक तयार कुलूप आणून बसवलं. आठवडाभरात दोन कार्डं हातातून निसटून दुकानापुढच्या नालीत गेली. तिसरं खिशातून काढताना पडलं, तेव्हा बबनने ते उचललं आणि नकळत स्वतःच दाराला लावलं. दार उघडलं. काकाजी त्या दिवशी आत गेले नाहीत, तसेच घरी परतले.

त्या संध्याकाळी मी त्यांना हातात बसवायच्या चिपबद्दल सांगितलं. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काचेची कुपी, तिच्यात एक चिप आणि तारेचं वेटोळं. आंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मऊ जागी जाड सुईने कातडीखाली सरकवायची. तिला बॅटरी नसते. दाराशेजारच्या पट्टीपाशी हात नेला की पट्टीकडूनच तिला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि कुलूप उघडतं. काही पडायचं नाही, हरवायचं नाही, भोकात काही घालायचं नाही. रेषा नसलेल्या बोटांचंही काही अडायचं नाही.

काकाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "कुत्र्यायले टोचतात, ते?"

"जवळपास तेच."

"तू टोचून घेतलं?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राहिली वं?"

हा तो तिसरा नियम. नवीन जातीचं कुलूप बाजारात आलं की काकाजी ते आधी महिनाभर स्वतःच्या घराला लावत आणि मगच गिऱ्हाइकाला देत. पहिले आपल्या दाराले. मी दोन दिवस मनातून त्यांच्यावर चिडून होते. मला सुयांची भीती वाटते, हे मी कुणाला सांगत नाही. पण ज्या गोष्टीला मी स्वतःचा हात पुढे करायला तयार नव्हते ती मी एका सत्तरीच्या माणसाच्या हातात घालायला निघाले होते, हेही खरंच होतं. तिसऱ्या दिवशी मी दोन चिपा मागवल्या.

मागवण्याआधी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "याची नकल होते का?" मी आमच्या एका जुन्या कार्डाची नक्कल त्यांच्यासमोर, चहा येईपर्यंत, करून दाखवली. कार्डाला हातही लावावा लागला नाही, नुसतं यंत्र जवळ नेलं. साबणाची वडी परत करणाऱ्या माणसाला तो धक्काच होता. "तुमच्या धंद्यात तं नमुना हवेतूनच उचलतात," ते म्हणाले. मी सांगितलं की सगळ्या चिपा तशा नसतात. आपण मागवू ती आपल्या ठरलेल्या कुलपाशीच बोलते, तिची नक्कल सहज होत नाही.

"सहज नाही म्हणजे होते."

"तुमच्या कुलपांसारखंच, काकाजी. वेळ आणि अक्कल असेल तर काहीही उघडतं."

हे उत्तर त्यांना आवडलं. कधीच न उघडणारं कुलूप विकणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

ओळखीच्या एका सर्जननी माझ्या उजव्या हातात चिप घातली. सुई पाहून मी डोळे मिटले, तेवढंच. आईने हाताची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "नाक टोचतानी रडून रडून मोहल्ला जमवला होता, अन् आता आपल्या पायानं जाऊन हात टोचून आली." पुढचा महिनाभर काकाजी रोज माझा हात मागायचे आणि घड्याळवाल्याची भिंगाची डबी डोळ्याला लावून तो तपासायचे. सूज उतरली का, भांडे घासतानी दुखते का, थंड पाण्यात कसं वाटते, दुचाकीची मूठ पिळतानी लागते का. मी माझ्या घराच्या दाराला पट्टी लावली होती. पहिले काही दिवस दारापुढे मूठ इकडून तिकडून फिरवत बसायचे, कारण चिप आडवी असते आणि पट्टीशी बरोबर जुळली तरच बोलते. मग हाताला जागा समजली. एका संध्याकाळी दोन्ही हातांत सामान असताना मनगट वळवलं आणि दार उघडलं, तेव्हा मी तिथेच उभी राहून हसले होते. काकाजींना सांगितलं. "म्हणजे हाताले सवय झाली," ते म्हणाले. "आता माह्या हाताचं पाहू."

सर्जन त्यांना म्हणाले, "काका, या वयात कशाला हे?"

"डॉक्टरसाहेब, या वयात लोकं गुडघे बदलून राहिले. मी तं फक्त चाबी बदलून राहिलो." मग त्यांनी विचारलं, "पुढं काढता येते का हे?"

"येतं. छोटासा छेद द्यावा लागेल."

"मंग टाका. जे कुलूप काढता येत नाही, ते मी लावत नाही."

साखर तपासून, थरथर कमी राहावी म्हणून गोळीची वेळ साधून, नर्सने हात धरून ठेवला आणि चिप आत गेली. काकाजींनी डोळे मिटले नाहीत. त्यांना सुई कशी बनवली आहे ते पाहायचं होतं.

जखम भरेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून दुकानाचं कुलूप बनवलं. तयार कुलूप त्यांना चालणारच नव्हतं. पितळी खोकं आणि आतला अडसर त्यांनी डाव्या हाताने, उजव्याचा आधार देत, तीन आठवडे घासून घडवला. वीज आणि चिपेशी बोलणारी पट्टी माझी. थरथरणारा हात एका जागी ठरत नाही, म्हणून मी पट्टीतलं तारेचं वेटोळं तळहाताएवढं मोठं केलं, म्हणजे हात कुठेही हलला तरी तिला सापडावा. चाबीचं भोक ठेवलं नाही. "एका कुलपाले दोन तोंडं नको," ते म्हणाले. लाइन गेली तर आत बॅटरी होती, आणि तीही संपली तर बाहेरून छोटी बॅटरी टेकवायची सोय केली. आणखी कुणाचा हात कुलपाला ओळखीचा करायचा असेल तर आधी एक मोठं कार्ड दाखवायचं, मग तो हात ठेवायचा. कुलूप दोनदा वाजलं की झालं. हे मी त्यांना एकदाच दाखवलं.

सगळं जुळलं तेव्हा त्यांनी टेबलावरचे पितळाचे कण फुंकले आणि विचारलं, "तुह्यापाशी काही राहिलं का?"

राहिलं होतं. मोठं कार्ड मी दोन बनवली होती आणि त्याची एक नक्कल माझ्या लॅपटॉपवर होती. आमच्या कंपनीत तशी पद्धतच होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दाराची मोठी चाबी आम्ही आमच्यापाशी ठेवत असू, न सांगता, दुरुस्तीला सोपं पडतं म्हणून. त्यात काही गैर आहे असं मला तोवर कधी वाटलंही नव्हतं. मी ते सांगून टाकलं, तशी काकाजींनी हात पुढे केला. मी लॅपटॉप उघडून नक्कल पुसली आणि दुसरं कार्ड पुढे केलं. त्यांनी पत्रा कापायच्या कात्रीने त्याचे चार तुकडे केले आणि ते तुकडेसुद्धा स्वतःपाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी मी कंपनीत हा विषय काढला. साहेब हसले. सहा महिन्यांनी मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. आजही कुलूप बसवून झालं की माझी माणसं मालकाला विचारतात, आमच्यापाशी काही राहिलं नाही ना, बघून घ्या. हे मी काकाजींकडून घेतलं, आणि कुठेही अभिमानाने सांगते.

पहिल्या सकाळी काकाजी इस्त्रीचा सदरा घालून आले. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी बबनच्या ठेल्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काकाजींनी हात पट्टीजवळ नेला. हात थरथरतच होता. कुलूप म्हणालं 'खट'. स्वतःच्या दुकानाचं दार मात्र ते ढकलायचे, ते त्यांनी ढकललं, आत गेले, उदबत्ती लावली. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. आतून काकाजींचा आवाज आला, "कामं नाहीत का गा तुम्हाले?" पण मी दारात होते आणि त्यांचा चेहरा पाहत होते. दिवसभरात त्यांनी ते दार नऊ वेळा बंद करून उघडलं.

बबन पुढे कितीतरी दिवस सांगायचा, "काकाजी, आता तुम्ही कुठी जाता ते सरकारले दिसते म्हणते." या चिपेला इतकं लांबचं काही करता येत नाही, पट्टीपासून वीतभर दूर गेली की ती नुसता काचेचा तुकडा असते, हे मी त्याला तीनदा समजावलं. काकाजींचं उत्तर सोपं होतं. "घर अन् दुकान, दुकान अन् घर. पाहू दे नं. तेवढंच सरकारले कोणी रोज कामावर जाताना दिसन."

चार वर्षं त्यांनी त्या हाताने दुकान उघडलं. शेवटच्या वर्षी सायकल सुटली, अरुणने लावून दिलेला ऑटो त्यांना घेऊन यायचा. बसायचे तासभरच, पण उघडायचे स्वतः. त्याच दिवसांत एकदा मी दुकानाच्या दारात उभी राहून फोनवर एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होते. काकाजींनी माझा उजवा हात धरला आणि पट्टीवर टेकवला. मी भुवया उंचावल्या. "बोल तू, मी बॅटरी पाहून राहिलो," ते म्हणाले. काहीतरी वाजलं. माझं लक्ष फोनमध्ये होतं. पंधरा दिवसांनी, पहाटे झोपेतच, ते गेले.

घाटावर न्यायच्या आधी अरुणने मला बाजूला घेऊन विचारलं की हातातली ती वस्तू काढायची का. काकूंनी ऐकलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यायची चाबी आहे ते."

तेरवी झाल्यावर दुकानाचा प्रश्न आला. आत लोकांची दुरुस्तीला दिलेली कुलपं होती आणि त्यांची माणसं विचारायला येत होती. मोठं कार्ड आतच, टेबलाच्या खणात. अरुणला दोन दिवसांत परतायचं होतं. त्याने मला फोन केला. मी म्हटलं, माझ्यापाशी काही नाही. "तुम्ही बनवलंय ना ते?" तो म्हणाला. बनवलं होतं, म्हणूनच काही नव्हतं. तो चिडला नाही, पण त्याने लोखंड कापायचं यंत्र घेऊन एक माणूस बोलावला.

मी पोचले तेव्हा तो माणूस वायर जोडत होता. काकू पानठेल्याच्या बाकावर बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. बबनने ठेला बंद ठेवला होता. एकही कुलूप न तोडलेल्या माणसाचं, त्याने थरथरत्या हाताने घासून केलेलं शेवटचं कुलूप आता कापलं जाणार होतं, आणि ते न कापता उघडण्याइतकी माझी अक्कल नव्हती. आम्ही दोघांनी ते तसंच बनवलं होतं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. मी त्या माणसाला म्हटलं, थांबा, निदान बॅटरी जिवंत आहे का बघते, वीज चालू असताना कापू नका. आणि मी पट्टीवर उजवा हात ठेवला. परका हात पाहून कुलूप लाल दिवा लावेल, मग वायर तोडू, एवढंच डोक्यात होतं.

दिवा हिरवा लागला. कुलूप म्हणालं 'खट'.

मला तो फोन आठवला, तो धरलेला हात, आणि आता नीट आठवलं की कुलूप तेव्हा दोनदा वाजलं होतं. दुसऱ्या हातात त्यांनी मोठं कार्ड धरलं असणार. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, कारागिरापाशी काही राहू नये असं त्यांनाच ऐकवलं असतं. त्यांना ते ठाऊक होतं.

मी हात खाली घेतला आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले. ते काही ठरवून केलं नाही, शरीरानेच केलं. अरुण पुढे यायला लागला, तर काकूंनी हाताने त्याला थांबवलं. त्या उठून माझ्यासमोर आल्या.

"पाठ काहून केली वं?"

"दार तुमचं आहे, काकू."

"त्यायनं जन्मात कोणाचा हात त्या कुलपाले दाखवला नाही. माहाही नाही," काकू म्हणाल्या. "तुहा दाखवला. त्यायले माणसं समजत होती. फिर मागं अन् ढकल."

मी मागे वळले. लोखंड उन्हाने तापलं होतं. दोन्ही हातांनी मी दार ढकललं, आत गेले आणि आधी उदबत्ती लावली.